सीपॅप : आधी मास्क, मग दाब

झोपेत श्वास अडकतो असं स्लीप स्टडीत निघतं, डॉक्टर सीपॅप लिहून देतात, विक्रेत्याचा माणूस घरी येऊन यंत्र सुरू करून देतो, आणि दोन-चार महिन्यांत ते यंत्र पिशवीसकट कपाटावर जातं. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : "नाही हो सूट झालं." काय सूट झालं नाही, असं खोदून विचारलं की एकेक गोष्ट बाहेर येते. हवा डोळ्यांत जाते. नाकाच्या हाडावर वण पडतो. सकाळी घसा कोरडा पडलेला असतो. मास्क लावल्या लावल्या जीव घाबरा होतो. रात्रभर फुसफुस चालते आणि शेजारच्याचीही झोप मोडते.

यातल्या बऱ्याचशा तक्रारींचं मूळ मास्कमध्ये असतं आणि त्या घरच्या घरी सुटू शकतात. तेवढ्यासाठी उपचार सोडून देणाऱ्यांना पाहिलं की फार वाईट वाटतं, कारण सोडलेला उपचार चांगला असतो, नुसता नीट बसवलेला नसतो. मास्क बसवणं, हवेतला ओलावा ठरवणं, सुरुवातीला दाब हळूहळू चढू देणं ही कामं तुमची. उपचाराचा दाब बदलायचा तो डॉक्टरांना विचारूनच. ही रेघ का ओढायची तेही पुढे सांगतो.

यंत्र करतं काय

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा मुळात अरुंद, जीभ मोठी किंवा मानेभोवती चरबी जास्त, त्यांचा श्वासमार्ग अशा वेळी मिटतो. छाती-पोट श्वास घ्यायला धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू खडबडून जागा होतो, घसा उघडतो, मोठ्याने घोरून एक श्वास येतो आणि डोळा लागला की पुन्हा तेच. श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक प्रसंग धरतात. असे पूर्ण किंवा अर्धवट अडकण्याचे प्रसंग तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र.

हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही. मुंबईतले छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात ७.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वास अडकणं आणि त्यामुळे दिवसा पेंग येणं असं दोन्ही असल्याचा अंदाज निघाला. २०२२ च्या फेब्रुवारीत बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा समज तेव्हा तरी काही घरांतून गेला असेल अशी आशा आहे.

सीपॅप हवेच्या दाबाने घसा आतून उघडा धरतं. एवढंच त्याचं काम. त्यातून ऑक्सिजन येत नाही, खोलीतलीच हवा गाळून येते. करोनाच्या दिवसांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घराघरात पोहोचले, तेव्हापासून या दोन यंत्रांची गल्लत फार होते. "माझा ऑक्सिजन आता बरा आहे, मग हे कशाला?" असं म्हणून सीपॅप बंद करणारी माणसं आहेत. दिवसा जागेपणी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, तो झोपेतलं काहीच सांगत नाही.

ही युक्ती ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांची. १९८१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी पाच रुग्णांवरचा अनुभव मांडला. ४.५ ते १० सेंटिमीटर एवढ्या दाबाने त्या रुग्णांचे घसे रात्रभर उघडे राहिले होते. हे सेंटिमीटर म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. आजही यंत्रावर तेच माप असतं. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग, त्यामुळे 'एवढ्या जोराची हवा फुप्फुसं फाडेल का?' ही भीती बऱ्याच जणांनी मनातून काढून टाकायला हरकत नाही. फुप्फुसाचा पडदा फाटून हवा साठण्याचा आजार पूर्वी झाला असेल तर मात्र डॉक्टरांना आधी सांगा.

मास्क निवडताना

मास्क मुख्यतः तीन तऱ्हेचे. नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ गाद्यांचा, ज्याला पिलो म्हणतात. नाक झाकणारा नेझल मास्क. आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क. दुकानात बहुधा तिसरा पुढे करतात, कारण 'तोंड उघडं पडलं तरी चालतं'. पण त्याचा कडेचा घेर मोठा, म्हणून गळतीच्या जागाही जास्त. शिवाय त्याचा पट्टा आवळला की खालचा जबडा मागे ढकलला जातो आणि काही जणांचा घसा त्याने उलट अरुंद होतो, मग दाब जास्त लागतो. नाकाने श्वास घेता येत असेल तर सुरुवात नाकाच्या मास्कने करावी, याकडे तज्ज्ञांचा कल आहे. मलाही तेच पटतं.

आकार डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नका. कंपन्या मापाचं कार्ड देतात, ते नाकाला लावून मोजायचं. ज्याचं नाक मोठं दिसतं त्याला मोठाच मास्क लागतो असं नाही. मोठा मास्क चेहऱ्यावर सरकतो आणि गळतो.

आपल्याकडच्या काही गोष्टी मापाच्या कार्डावर नसतात. भरघोस मिशीवर नाकाच्या मास्कची खालची कड टेकत नाही. अशांना पिलो बरे पडतात, किंवा मिशी कातरावी लागते. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्यांचे गाल आत जातात, म्हणून मास्कची मापं कवळी काढूनच घ्यायची, झोपताना जशी स्थिती असते तशी. नाकातली चमकी मास्कच्या सिलिकॉनच्या कुशनच्या कडेखाली आली तर तिथून हवा निसटते आणि टोचतंही. ती रात्रीपुरती काढावी, नाहीतर तिला न अडणारा मास्क घ्यावा. लांब केसांचा अंबाडा घालून झोपायची सवय असेल तर मागचा पट्टा त्यावर चढतो आणि मध्यरात्री खाली घसरतो. सैल वेणी खांद्यावरून पुढे घेतली की प्रश्न मिटतो. आणि झोपताना डोक्याला खोबरेल, चेहऱ्याला साय किंवा क्रीम लावायची सवय असेल, तर ते संध्याकाळी करून झोपण्यापूर्वी तोंड धुवावं. तेलावर सिलिकॉन टिकत नाही, आणि तेलाने ते लवकर खराबही होतं.

काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे क्लिप असतात. लावायला-काढायला सोपे, पण घरात कुणाला पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं असं दुसरं उपकरण असेल तर तसा मास्क घेऊ नका. हे अंथरुणात शेजारी झोपणाऱ्यालाही लागू आहे. विक्रेता हे आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून विचारा.

बसवण्याची रीत

पुण्यातल्या एका स्लीप लॅबमध्ये एक टेक्निशियन ताई मास्क बसवून देत होत्या, ते पाहण्यासारखं होतं. समोरचे काका निवृत्त शिक्षक, घरून आणलेला मास्क घालून खुर्चीत बसलेले. पट्टे इतके आवळलेले की गालांवर वळ. "काका, तुम्ही बसून झोपता का?" असं म्हणून त्यांनी आधी काकांना कॉटवर आडवं केलं, उशी त्यांना घरी लागते तेवढी उंच केली आणि यंत्र, दाब हळूहळू चढू न देता, थेट उपचाराच्या दाबावर सुरू केलं. मग सगळे पट्टे सैल सोडले. हवा चारी बाजूंनी फुसफुसायला लागली तसे काका घाबरले. ताईंनी मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढला, क्षणभर थांबल्या आणि अलगद परत टेकवला. कुशन हवेने भरून गालाला लागलं. मग त्यांनी खालचे दोन्ही पट्टे एकदम, सारखेच, जरा जरा करत ओढले, मग वरचे. फुसफुस थांबली तिथे हात थांबला. पट्ट्याखाली दोन बोटं सहज जात होती. "आता डाव्या कुशीवर. आता उजव्या. आता पालथं जसं झोपता तसं." प्रत्येक वळणाला गळती कुठे सुरू होते ते त्या तळहात धरून बघत होत्या.

हे इतक्या तपशिलाने सांगण्याचं कारण, घरी बहुतेक जण नेमकं उलटं करतात. बसून, आरशासमोर, कमी दाबावर मास्क लावतात. आडवं झालं की चेहऱ्याचं मांस मागे सरकतं, जबडा खाली येतो, आणि दाब चढला की बसवलेलं सगळं बिघडतं. मग हवा सुटली की पट्टा आवळतात. कुशनची बाहेरची कड पातळ पडद्यासारखी असते. तिच्या मागे हवा भरते, तेव्हा ती त्वचेला चिकटते आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागाप्रमाणे वळते. पट्टा आवळला की पडदा दबतो, त्याला चुण्या पडतात, आणि चुणीतून हवा निसटते. म्हणजे आवळल्याने गळती वाढते, नाकावर वण पडतो तो वेगळाच. म्हणून गळती झाली की आधी सैल करा, मास्क पुढे ओढून परत टेकवा आणि मगच पट्ट्याला हात लावा.

बऱ्याच नव्या यंत्रांत मास्क तपासण्याची सोय असते. ती चालू केली की काही मिनिटं दाब देऊन यंत्र बसवणूक ठीक आहे की नाही ते सांगतं. रोज झोपण्यापूर्वी वापरावी अशी ही सोय आहे, पण बरेच जण त्या पर्यायाकडे वळतही नाहीत. यंत्राच्या मेनूत मास्कचा प्रकार निवडायचा असतो, तोही बघून घ्या. पिलो लावून यंत्राला फुल फेस सांगितलेलं असेल तर गळतीचा हिशेब चुकतो.

एकदा पट्टे जमले की त्या ठिकाणी पेनाने खूण करा किंवा रंगीत दोऱ्याचा टाका घाला. पट्टे धुतल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

गळती कुठून

मास्कवर बारीक छिद्रं असतात, त्यांतून सतत हवा जात असते. ती गळती नव्हे. तुमच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्याची ती वाट आहे. 'इथून हवा जातेय' म्हणून त्यावर चिकटपट्टी लावल्याची उदाहरणं आहेत. ते धोक्याचं आहे, कधीच करू नका. पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपायची सवयही इथे सोडावी लागते.

खरी गळती वरून असेल तर हवा डोळ्यांत जाते आणि सकाळी डोळे लाल, चुरचुरणारे होतात. अशा वेळी वरचा पट्टा आवळण्याआधी खालचे पट्टे बघा. ते जास्त ओढले गेले की मास्कची वरची कड उचलली जाते. कपाळाला टेकू असलेला मास्क असेल तर तो टेकू पुढे-मागे करून बघा. कुशीवर झोपल्यावरच हवा सुटत असेल तर उशी मास्कला ढकलते आहे. उशीच्या काठावर तोंड घेऊन झोपा, किंवा कडेला खाच असलेली सीपॅपची उशी मिळते ती घ्या. नळीचं वजन मास्कला ओढत असेल तर ती डोक्यावरून मागे घेऊन पलंगाच्या दांड्याला सैल अडकवा.

महिनोन्महिने ठीक चाललेला मास्क अचानक गळायला लागला तर कुशन जुनं झालं आहे. सिलिकॉन मऊ पडतं, पिवळट होतं, बोटाला चिकट लागतं. यंत्राचा खर्च केल्यानंतर कुशनचे पैसे जड वाटतात, हे समजण्यासारखं आहे, पण जुन्या कुशनने महागडं यंत्र फुकट जातं.

कोरड, चोंदलेलं नाक आणि नळीतलं पाणी

सकाळी तोंडाला कोरड पडली की ओलावा वाढवायचा, असं सगळ्यांना वाटतं. नाकाचा मास्क असेल तर कारण बहुधा वेगळं असतं. झोपेत तोंड उघडतं, नाकातून गेलेली हवा तोंडातून बाहेर पडते आणि वाटेतला ओलावा घेऊन जाते. दाबही वाया जातो. नाक चोंदलेलं असेल तर तोंड उघडणारच, म्हणून आधी नाक बघा. झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचा नाकाचा स्प्रे, ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी दिलेला स्प्रे, नाकाचा पडदा वाकडा असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा सल्ला. नाक मोकळं असूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा लावून बघता येतो. तेही जमलं नाही तर फुल फेस मास्क. ओठांवर चिकटपट्टी लावण्याची टूम हल्ली व्हिडिओंमधून पसरते आहे; उलटी आली किंवा नाक बंद झालं तर काय, याचा विचार करून तिच्या वाटेला जाऊ नका.

ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवेत ओलावा मिसळणाऱ्या पाण्याच्या टाकीचा, आकडा सगळ्यांसाठी एकच असू शकत नाही. पावसाळ्यात रत्नागिरी-पणजीकडे हवेतच इतका ओलावा असतो की तो अगदी खाली ठेवला तरी चालतो. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात नाक आतून सोलवटतं, तेव्हा वर न्यावा लागतो. एसीच्या गार खोलीत ओलावा जास्त ठेवला तर नळीत पाणी जमतं, गुळगुळ आवाज येतो आणि मध्यरात्री तोंडावर थेंब पडतात. त्यावर उपाय म्हणजे ओलावा एक पायरी कमी करा, तापणारी नळी असेल तर तिचं तापमान वाढवा, साधी असेल तर तिला कापडी खोळ घाला. यंत्र पलंगापेक्षा खालच्या उंचीवर ठेवा, म्हणजे जमलेलं पाणी तोंडाकडे न येता मागे जाईल.

टाकीत डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीचं पाणी घालणारे आहेत. ते श्वासातून घ्यायचं म्हणून बनवलेलं नसतं, वापरू नका. नळाच्या पाण्याने टाकीत पांढरी खपली धरते. एखाद्या रात्री डिस्टिल्ड संपलं तर उकळून गार केलेलं पिण्याचं पाणी चालवून घ्या आणि सकाळी टाकी नीट धुवा. पाणी रोज सकाळी ओतून द्यायचं, कालचंच पाणी आज नाही.

रॅम्प आणि उच्छ्वासाची सवलत

रॅम्प म्हणजे दाब कमी पातळीवरून हळूहळू वर नेणं. ४५ मिनिटांपर्यंत वेळ ठेवता येतो. हा पर्याय मदतीचा आहे, पण झोप दहा मिनिटांत लागते आणि रॅम्प ४५ मिनिटांचा, तर मधला सगळा वेळ घसा पुरेशा दाबाविना राहतो. झोप लागायला साधारण जेवढा वेळ लागतो तेवढाच रॅम्प. काही यंत्रांत 'ऑटो' असतं, ते झोप लागल्याचं ओळखून मग दाब चढवतं. उलट काहींना रॅम्पच्या सुरुवातीला ४ सेंटिमीटरवर हवा अपुरी वाटते, जणू कुणी नाक दाबून धरलंय. त्यांनी रॅम्प बंद करून बघावा किंवा सुरुवातीचा दाब वाढवून मागावा. जीव घाबरण्याच्या कितीतरी तक्रारी एवढ्याने थांबतात.

दुसरी सोय श्वास सोडताना दाब किंचित उतरवण्याची. रेसमेड कंपनीच्या यंत्रात तिला ईपीआर म्हणतात आणि ती १ ते ३ सेंटिमीटर असते. फिलिप्सच्या यंत्रांत फ्लेक्स नावाने तशीच सोय आहे. दाबाविरुद्ध श्वास सोडायला जड वाटणाऱ्यांना तिने मोठा आराम मिळतो. पण ३ वर ठेवली म्हणजे उच्छ्वासाच्या वेळी घशाला तेवढा आधार कमी. ती बदलल्यावर काही रात्रींचा एएचआय वाढला का ते बघायचं आणि वाढला तर डॉक्टरांना सांगायचं.

दाबाला हात का लावायचा नाही

यंत्राच्या डॉक्टरांसाठीच्या मेनूत कसं शिरायचं ते शोधायला आज पाच मिनिटं लागत नाहीत. माणसं शिरतातही. एएचआय ७ दिसला की दाब दोनने वाढवला, अजून ७ च आहे म्हणून आणखी दोनने. यात काय बिघडू शकतं ते नीट समजून घ्या.

श्वास अडकणं दोन तऱ्हेचं असतं. एकात घसा मिटतो, दुसऱ्यात घसा उघडा असतो पण मेंदू श्वासाची आज्ञाच पाठवत नाही. दुसऱ्या तऱ्हेचे प्रसंग काही जणांत उपचार सुरू केल्यावरच दिसायला लागतात, आणि दाब वाढवला की वाढतात. यंत्राच्या अहवालात ते वेगळे दाखवलेले असतात. नुसता एकूण एएचआय पाहून दाब वाढवणारा माणूस अशा वेळी उलट दिशेने चाललेला असतो. हृदय कमकुवत असणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी नाजूक आहे : ज्यांच्या हृदयाची पंपक्षमता फार घटली आहे त्यांच्यात दाब आपोआप कमी-जास्त करणाऱ्या एका विशिष्ट पद्धतीच्या यंत्राने मृत्यू वाढल्याचं २०१५ साली मोठ्या अभ्यासातून दिसलं. ते साधं सीपॅप नव्हे, गरजेप्रमाणे दाब बदलणारं स्वयंचलित सीपॅपही नव्हे, पण श्वासाच्या यंत्रातले मोड आपल्या अंदाजाने बदलायचे नाहीत हे त्यातून पुरतं स्पष्ट होतं.

दाब जास्त झाला की हवा पोटातही जाते. सकाळी पोट फुगलेलं, ढेकर, गॅस. आणि गळती असताना दाब वाढवला तर गळती वाढते, गळतीमुळे यंत्राचा हिशेब चुकतो, स्वयंचलित यंत्र आणखी दाब देतं. या चक्रातून बाहेर पडायची वाट मास्कच्या बाजूने असते. म्हणूनच आधी मास्क, मग दाब.

आता ज्यांच्याकडे स्वयंचलित यंत्र आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. अशी यंत्रं बऱ्याचदा ४ ते २० अशा पूर्ण पल्ल्यावर ठेवूनच घरी येतात. मोठ्या माणसाला खालचा ४ बहुधा कमी पडतो. प्रसंग घडायला लागल्यावर यंत्र जागं होतं आणि वर चढतं, तोवर झोप मोडलेली असते. आठवडा-दोन आठवड्यांच्या वापरानंतर डॉक्टर अहवालातला असा दाब बघतात, की रात्रीचा ९५ टक्के वेळ यंत्र त्याच्या आत होतं (काही कंपन्या ९० टक्के धरतात), आणि त्यावरून खालची-वरची मर्यादा आवळतात. तुम्ही डॉक्टरांना हे स्पष्ट विचारा : "माझा खालचा दाब किती ठेवायचा?" बहुतेक रुग्ण हा प्रश्न विचारत नाहीत आणि यंत्र वर्षानुवर्षं कारखान्यातल्या आकड्यावर चालतं.

डॉक्टरांनी बदल सांगितला की तो एकच करा आणि काही रात्री तसाच राहू द्या. दाब, मास्क आणि ईपीआर एकाच रात्री बदलले तर कशाने फरक पडला ते कळायचं नाही.

अहवाल वाचताना

सकाळी पडद्यावर किंवा मोबाइलवर तीन आकडे बघायचे : तास, गळती, एएचआय. त्याच क्रमाने. गळती जास्त असेल तर त्या रात्रीच्या एएचआयवर फार विसंबू नका. रेसमेडच्या यंत्रात मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते; कंपन्यांची मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याच्या यंत्राशी तुलना करू नका. एएचआय ५ च्या खाली असावा, पण एका रात्री ८ दिसला म्हणून घाबरू नका, आठवड्याची सरासरी बघा. यंत्र मेंदूच्या लहरी मोजत नाही. तुम्ही मास्क लावून जागे पडलेले असलात तरी ते तास धरतं.

अहवालात सगळं हिरवं आणि दिवसा तरीही डुलक्या, असंही होतं. मग झोपच कमी पडतेय का, थायरॉइड, रक्तक्षय, दुसरं औषध, काही कारण आहे का, ते शोधावं लागतं. गाडी चालवताना डोळा लागत असेल तर तोवर गाडी चालवू नका.

पहाटेचे तास

पहिले काही दिवस मास्क दिवसाच लावा, बातम्या किंवा मालिका बघताना, आधी नुसता, मग यंत्र चालू करून. अंगाला सवय होते. एकदम आठ तासांचा आग्रह घरच्यांनीही धरू नये.

पण रात्री तीनला मास्क काढून फेकायची सवय लागू देऊ नका. स्वप्नं पडतात ती झोप पहाटेकडे जास्त असते, आणि अनेकांचा घसा नेमका त्याच झोपेत सर्वांत वाईट मिटतो. रात्रीचे पहिले चार तास मास्क लावून पहाटे तो काढणारा सर्वांत गरजेच्या वेळी उघडा पडतो. २०१६ साली हृदयरुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सीपॅपने हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, पण पेंग कमी झाली आणि रोजचं जगणं सुधारलं. त्या रुग्णांचा सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. लघवीला उठलात तर नळी काढा, मास्क तसाच ठेवा, परत येऊन नळी जोडा. बहुतेक मास्कला तशी सोय असते.

मद्य आणि डॉक्टरांना न विचारता घेतलेली झोपेची गोळी घशाचे स्नायू आणखी सैल करतात. उताणं झोपण्यापेक्षा कुशीवर बरं.

धुणं-पुसणं, वीज, प्रवास

कुशन रोज कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने, पट्टे आणि नळी आठवड्याला. सावलीत वाळवा, उन्हात सिलिकॉन कडक होतं. डेटॉल, ब्लीच, स्पिरिट नको. ओझोनने स्वच्छ करणारी डबीही नको. फिल्टर धुरकट दिसला की बदला. रस्त्यालगतच्या घरात तो लवकर भरतो.

वापरलेलं यंत्र घेताना मॉडेल तपासा. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने आवाज दाबणारा आतला फोम झिजून कण श्वासात जाऊ शकतात म्हणून आपली लाखो यंत्रं परत मागवली होती, त्यांत पहिल्या पिढीचं ड्रीमस्टेशन होतं. शिवाय त्यात आधीच्या मालकाचा दाब असतो, तुमचा नाही.

भारनियमन असलेल्या गावात यंत्र इन्व्हर्टरवर ठेवा आणि त्या इन्व्हर्टरवर चालेल का हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. सर्वांत जास्त वीज पाणी तापवायला लागते. वीज गेली की ह्युमिडिफायर आणि नळीची उष्णता बंद केली तर बॅटरी बराच वेळ पुरते. यंत्र बंद पडलं आणि मास्क तोंडावरच राहिला तर गुदमरू नये म्हणून फुल फेस मास्कला झडप असते; ती धुताना चिकटलेली नाही ना, ते बघत जा. ज्याला स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, अर्धांगवायूच्या रुग्णासारखा, त्याला देखरेखीशिवाय फुल फेस मास्क लावून झोपवू नका.

विमानात यंत्र हातातल्या सामानात न्या, डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. रेल्वेच्या डब्यातला मोबाइलचा पॉइंट भरवशाचा नाही, बॅटरी न्या. आणि यंत्र हलवण्यापूर्वी टाकी काढून रिकामी करा. यंत्रात शिरलेल्या पाण्याने खराब झालेलं यंत्र वॉरंटीत बसत नाही.

डॉक्टरांकडे कधी

मास्क नीट बसवूनही आठवड्याची सरासरी ५ च्या वर राहिली, अहवालात घसा उघडा असतानाचे प्रसंग वाढताना दिसले, सकाळी डोकं दुखायला लागलं, पोट रोज फुगायला लागलं, नाकातून रक्त आलं, किंवा सायनस, कान दुखायला लागले, तर थांबू नका. वजन दहा टक्क्यांच्या आसपास वाढलं किंवा उतरलं तरी दाब पुन्हा ठरवावा लागतो. कमी झालेलं वजन ही आनंदाची गोष्ट, पण त्या आनंदात यंत्र आपणहून बंद करू नका, आधी तपासणी करून घ्या. भूल देऊन कुठलीही शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव सांगा आणि यंत्र-मास्क रुग्णालयात घेऊन जा.

जाताना यंत्राचं कार्ड किंवा मोबाइलवरचा अहवाल न्या, आणि मास्क न्या, रोज घरी घालता तोच, पट्टे जसे आहेत तसेच. आणि शेजारी झोपणारं माणूसही बरोबर न्या. पहाटे चारला तुम्ही पुन्हा घोरत होता की नाही, हे त्यालाच ठाऊक असतं.